बाल्टिकसाठी, उन्हाळा लागण्याआधी

स्टॉकहोम, हेलसिंकी, कोपनहेगन, टालिन, ग्दान्स्क इथे घर केलेल्या मराठी बंधुभगिनींनो,

जुलै-ऑगस्टमध्ये बाल्टिकच्या पाण्यावर शेवाळाची हिरवट साय धरते आणि पोहायला मनाई करणारे फलक लागतात. ते शेवाळ विषारी असू शकतं, त्यामुळे मुलांना जपालच. पण खरा घात तळाशी होतो आहे.

हा समुद्र मुळातच नाजूक. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. महासागराशी दुवा फक्त डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांचा. इथलं सगळं पाणी बदलायला सुमारे ३० वर्षं लागतात. म्हणजे आज आपण जे सोडू, ते आपली मुलं मोठी होईपर्यंत इथेच राहणार. त्यातही नद्यांचं गोडं पाणी वर आणि खारं, जड पाणी खाली. दोन्ही सहज मिसळत नाहीत, म्हणून वरचा प्राणवायू तळापर्यंत पोचत नाही.

शेतातलं खत आणि सांडपाणी यांतून येणारे नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला पोसतात. शेवाळ मरून तळाशी कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. तो संपला की गाळात साठलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो आणि नव्या शेवाळाला खाद्य मिळतं. पूर्व बाल्टिकमधल्या कॉड माशाची अंडी याच खोल, खाऱ्या, प्राणवायू संपत चाललेल्या थरात तरंगतात. २०१९ पासून त्या कॉडच्या मासेमारीवर बंदी आहे, तरीही तो सावरलेला नाही.

हताश होण्याचं मात्र कारण नाही. ऐन शीतयुद्धात, १९७४ साली, दोन्ही गटांतल्या आणि तटस्थ अशा सात देशांनी या समुद्रासाठी हेलसिंकी करार केला. डीडीटी, पीसीबी या विषारी रसायनांवर बंदी आली आणि त्यांच्यामुळे दिसेनासे होत चाललेले पांढऱ्या शेपटीचे गरुड परतले.

म्हणून कळकळीची विनंती. बोटीवरच्या शौचालयाची टाकी बंदरातल्या उपसा केंद्रावरच रिकामी करा. काठावर उन्हाळी घर असेल तर त्याची सेप्टिक टाकी तपासून घ्या, बागेत खत टाकू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मत द्या! नागरिकत्व नसलं तरी स्वीडनमध्ये तीन वर्षांच्या, फिनलंडमध्ये दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर नगरपालिकेसाठी मतदान करता येतं. आपल्यापैकी कितीतरी जण हा हक्क वापरतच नाहीत. उमेदवारांना विचारा: आपलं सांडपाणी किती शुद्ध होऊन समुद्रात जातं? शेतांतून वाहून येणारं खत अडवायला पाणथळ जागा कधी तयार करणार? उत्तर लेखी मागा आणि आपल्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना वाचून दाखवा.