उष्णतेचाही हिशेब हवा

‘अति तेथे माती’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत गिरवली आणि परीक्षेत तिचा अर्थही लिहिला. मला तो अर्थ खऱ्या अर्थाने कळला तो मात्र गेल्या पावसाळ्यात, मोपा येथील एका छपाईच्या दुकानात.

मोपा पठार आता सर्वांना ठाऊक आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. विमानतळामागून रस्ते येतात, रस्त्यांमागून दुकाने येतात, आणि दुकान म्हटले की दर्शनी काच आलीच. त्या काचेवर बाहेरून जाहिरात दिसावी व आतून रस्ता दिसावा, यासाठी बारीक भोकांची एक फिल्म लावतात. धंद्यात तिला ‘वन वे व्हिजन’ म्हणतात. माझा मावसभाऊ ती छापून देतो. सुट्टीत त्याचे हिशेब लिहायला मी गेलो होतो.

पहिल्याच आठवड्यात माझा मेळ बसेना. रोल पन्नास मीटरचा, बिले बेचाळीस मीटरची, आणि शिल्लक शून्य! आठ मीटर, म्हणजे शेकडा सोळा टक्के माल, गेला कुठे? उत्तर दुकानामागच्या कचऱ्याच्या पिंपात होते. सुरकुतलेल्या, काळे ओरखडे पडलेल्या पट्ट्यांनी ते भरले होते.

कारण साधे होते. साध्या व्हिनाइलसाठी ठेवलेले सेटिंगच या फिल्मलाही लावले जात होते. छपाईचा हीटर ४५ अंशांवर आणि पुढचा सुकवणीचा हीटर ५० अंशांवर असे. पण या फिल्ममध्ये शंभरातला चाळीस भाग भोकांचाच असतो. उरलेली प्लॅस्टिकची जाळी उष्णतेने लवकर मऊ पडते आणि फुगते. त्यातून पावसाळा! फिल्मखालच्या कागदी लायनरने हवेतला ओलावा प्यालेला असतो. हीटरवर येताच तो आकसतो. फिल्म एकीकडे ओढते, कागद दुसरीकडे, आणि मध्ये उभ्या राहिलेल्या फुगवट्यावर यंत्राचे हेड घासते. हेड हा तर यंत्राचा सर्वांत महागड्या भागांपैकी एक.

मग हीटर बंदच का करू नये? तेही चालत नाही. उष्णता नसेल तर शाई फिल्ममध्ये मुरत नाही, रंग एकमेकांत पसरतात. शिवाय भोकांतून शाईच्या शंभर थेंबांतले चाळीसएक थेंब खालच्या गुळगुळीत कागदावर पडतात. तेथे ते मुरत नाहीत, ओलेच राहतात आणि गुंडाळताना डाग पाडतात. तेव्हा अति नको आणि अल्पही नको.

हे सारे मला कोणी सांगितले? यंत्र चालवणाऱ्या अण्णांनी. ते गोकाककडचे. पट्टी फुगू लागली की ते दर वेळी म्हणत, “बिसि कडिमे माड्री.” उष्णता कमी करा, एवढाच त्याचा अर्थ. भावाला कन्नड येत नाही, अण्णांना मराठी जेमतेम येते, आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजीत. तीन भाषांच्या मध्ये आठ मीटर फिल्म वाया गेली! मला दोन्ही भाषा येतात, म्हणून मी फक्त दुभाष्या झालो.

मग आम्ही रोल एक दिवस यंत्राच्याच खोलीत उघडा ठेवला. छपाईचा हीटर ३८ वर आणला, सुकवणीचा ४२ वर. पास वाढवले, हेड एक पायरी उंच केले, फिल्म खाली ओढून धरणारा व्हॅक्यूम कमी केला. प्रत्येक कामाआधी वीतभर तुकडा छापून पाहिला. छापलेला माल एक दिवस मोकळा सुकू दिला आणि मगच वर पारदर्शक लॅमिनेशन केले, कारण भोकांत पावसाचे पाणी साचले की आतून काही दिसत नाही. पुढच्या रोलमध्ये दोनच मीटर वाया गेले.

माझा एक मित्र म्हणतो, “कंपनी तयार सेटिंग देते, मग एवढा खटाटोप कशाला?” मित्रहो, ते सेटिंग आरंभाला चांगले, परंतु ते पेडण्याच्या आषाढासाठी केलेले नसते. दुसरा आक्षेप असा की पास वाढवले की वेळ लागतो, गिऱ्हाईक खोळंबते. खरे आहे. पण खराब पट्टी टाकून तीच पुन्हा छापायला लागणारा वेळ कोणी मोजतो का? आमचे आकडे मात्र कोणी उतरवून घेऊ नयेत. दुसऱ्या यंत्राला, दुसऱ्या फिल्मला ते लागू पडतीलच असे नाही. घ्यायचा तर शिरस्ता घ्यावा.

आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी रुपयाची नोंद ठेवायला शिकतो. अण्णांसारख्यांच्या ज्ञानाची नोंद कोणत्या खात्यात होते? ते उद्या गावी परतले तर दुकान पुन्हा ४५ अंशांवर जाईल. विमानतळावर स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात, ही मागणी रास्तच आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा हक्क मी नाकारीत नाही. पण नोकरी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. हातात आलेले कसब तसे काढून घेता येत नाही. मात्र ते लिहून ठेवले नाही तर आपणच ते गमावतो.

म्हणून मी निघण्यापूर्वी दुकानात एक वही ठेवली. तारीख, हवा, फिल्म, दोन्ही हीटरचे अंश, पास आणि वाया गेलेले मीटर असे रकाने आखले. डावे पान मराठीत, उजवे कन्नडात. उजवे पान अण्णा स्वतः लिहितात. सुट्टीत कोठे कामाला जाल तेथे अशी एक वही सुरू करा, आणि तिच्यात पहिली ओळ यंत्र चालवणाऱ्याला लिहू द्या.