कामरेजला माहितीचे राखणदार घडू द्या

मा. कुलगुरू,
वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ, सूरत



माहिती-सुरक्षेचा एक वर्षाचा, संध्याकाळी भरणारा आणि हाताने काम करत शिकवणारा वर्ग आपल्या विद्यापीठाने कामरेजला सुरू करावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. मराठीत मुद्दाम लिहितो आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून सुरतेत पोटासाठी आलेल्या घरांतल्या आई-बापांनीही ते वाचावे आणि तुमच्याकडे हेच मागावे, अशी इच्छा आहे.

सायबर सुरक्षा म्हटले की आपल्याकडे व्याख्यान होते. पाहुणे येतात, 'ओटीपी कुणाला सांगू नका' म्हणतात, चहा होतो. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा कुठल्या खातेदाराने ओटीपी सांगितला नव्हता. एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी चकवली आणि बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघाले. असल्या वेळी ग्राहकाची सावधगिरी काय कामाची? आत बसून यंत्रणेवर डोळा ठेवणारा माणूस लागतो. अशी माणसे घडवण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.

सुरतेत ती कुठे लागतील? कापड मार्केटमधल्या पेढीचा सगळा हिशेब मेहताजीच्या एका संगणकावर असतो. हिऱ्याच्या कारखान्यात मालाच्या नोंदी, दवाखान्यात रुग्णांचे रिपोर्ट, पतपेढीत खाती. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि यंत्रणेचे लॉग, म्हणजे तिच्यात काय काय घडले त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींची आहे. कायदा कडक झाला, पण पेढीवर लॉग उघडून वाचणारे कोण आहे? बॅकअप घेतला आहे असे सगळेच सांगतात. तो परत चढवून पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटला.

या कामाला चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी लागतेच असे नाही. नेटवर्क समजणे, कुणाला कुठवर परवानगी द्यायची ते ठरवणे, अपडेट वेळेवर चढवणे, लॉगमधली विसंगती हेरणे, घोटाळा झाला तर पुरावा न पुसता मशीन बाजूला काढणे, हे बारावी किंवा आयटीआय झालेली मुलगी वर्षभराच्या सरावाने शिकू शकते. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक महाविद्यालयांनी, या क्षेत्रात काय करावे यावर २००२ सालीच तिथे विचारविनिमय झाला होता. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तिचा गाभाच स्थानिक उद्योगाशी करार हा होता. २०२२ मध्ये आयोगाने सायबर सुरक्षेचा पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमही दिला. कागद तयार आहेत, वर्ग हवा.

हा वर्ग कामरेजलाच का, असे आपण विचाराल. आपले आवार शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. दिवसभर राबणारा पोरगा तिथे संध्याकाळी पोचेल कसा? कामरेज मात्र महामार्गावर आहे, आणि मांडवी, मांगरोळ, बारडोलीची मुलेही तिथे येऊ शकतात.

शिवाय कामरेज तालुका जुन्या बडोदे संस्थानातला, नवसारी प्रांतातला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उघडली. ती उभारणारे त्रिभुवनदास गज्जर तर सुरतेचे. कारागिरीला विज्ञानाची जोड द्यायची आणि ते विज्ञान देशी भाषेतून शिकवायचे, हा त्यांचा हट्ट होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आज फायरवॉल गुजराती-मराठीतून समजावायला निघालो तर भुवया उंचावतात. सव्वाशे वर्षांहून जुना तो धडा आपण विसरलो, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी शब्द राहू द्यावेत, समजावणे मात्र घरच्या भाषेत व्हावे.

पोरांना हॅकिंग शिकवले तर चोर तयार होतील, अशी शंका कुणी काढेल. ठगांना आपली बँक खाती भाड्याने देणाऱ्यांना सुरतेत पकडल्याच्या बातम्या येत असतात. त्यांना कुठल्या कॉलेजात जावे लागले नव्हते. वर्गात निदान कायदा तरी शिकवला जाईल.

म्हणून विनंती अशी: पहिल्या तुकडीत तीसच विद्यार्थी घ्या. जुने संगणक मागून आणून प्रयोगशाळा उभी करा. कापड आणि हिरे व्यापाऱ्यांच्या संघटनांशी आधी लेखी करार करा, म्हणजे शेवटचे तीन महिने मुले खऱ्या पेढीवर काम करतील. फी कारखान्यातल्या मजुराला हप्त्याने परवडेल एवढीच ठेवा. आणि येत्या जूनच्या प्रवेशाआधी हा विषय आपल्या अधिकार मंडळासमोर ठेवा.

आपला,
कामरेजचा एक मराठी रहिवासी