बिनटॅगाचें बियाणें व बिनसहीचा प्रोग्राम

आमच्या पारनेर तालुक्यांतील शेतकरी कांद्याचें बी विकत घेतांना पिशवीवरील टॅग पाहतो, आणि शेजाऱ्याचें घरचें बी घेतांना शेजाऱ्याकडे पाहतो. दुसऱ्या व्यवहारांत टॅग नसतो, म्हणून त्यास कोणी लबाडी म्हणत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र हें शहाणपण आमच्यापैकीं पुष्कळांस सुचत नाहीं, हें गेल्या महिन्यांत आमच्याच कचेरींत दिसून आलें.

सभासदांच्या देण्याघेण्याचा व कांद्याच्या पट्ट्यांचा हिशेब आम्ही कित्येक वर्षें एका विकतच्या प्रोग्रामांत ठेवीत होतों. यंदा त्याची वार्षिक वर्गणी भरण्यास विलंब झाला, तोंच जुन्या वह्याही उघडेनात. आंकडे आमचे, आणि ते पाहण्यास आम्हांसच मज्जाव! तेव्हां एका स्वतंत्र मंडळीनें लिहिलेला, मोफत व मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणासही वाचावयास खुली आहे, असा प्रोग्राम घेण्याचें ठरलें. तो बसवूं जातां विंडोजनें निळी पाटी पुढें केली कीं, हा प्रोग्राम अनोळखी आहे, चालविल्यास धोका संभवतो. आमच्या तरुण कारकुनानें हात मागें घेतला, एक वडीलधारे सभासद म्हणाले, "दाब रे, कांहीं होत नाहीं." आमच्या मतें दोघेही चुकले.

ती पाटी विषाणु सांपडला असें म्हणत नाहीं. फाइलीवर ओळखीची सही नाहीं व आजवर फार थोड्यांनीं ती उतरवून घेतली आहे, इतकेंच ती सांगते. सहीच्या प्रमाणपत्रास बहुधा दरसाल पैसे मोजावे लागतात. फावल्या वेळांत फुकट लिहिणाऱ्या चौघांस तें परवडतेंच असें नाहीं. विषाणुरोधक प्रोग्रामानें विशिष्ट विषाणूचें नांव घेऊन फाइल अडविली, तर ती गोष्ट निराळी, तेथें थांबावेंच.

आणि सही म्हणजे तरी काय? 2020 च्या खरिपांत टॅग लावलेल्या पिशव्यांतील सोयाबीन उगवलें नाहीं, अशा तक्रारी राज्यांत ठिकठिकाणीं झाल्या. त्याच वर्षाअखेर सोलरविंड्स ह्या अमेरिकन कंपनीच्या रीतसर सही असलेल्या सुधारित आवृत्तींतून सुमारें 18,000 गिऱ्हाइकांकडे चोरदार पोंचल्याचें उघडकीस आलें. मुक्त संहिताही सोवळी नव्हे. एक्सझेड ह्या साधनांत, दीर्घकाळ विश्वास संपादून आंत शिरलेल्या मदतनिसानेंच असें दार बसविलें होतें. 2024 च्या मार्चांत तें आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यानें पकडलें. दूरच्या संगणकांत शिरतांना अर्ध्या सेकंदाचा उशीर कां लागतो, एवढ्या शंकेवरून. साधन खुलें होतें म्हणून त्यास मुळापर्यंत जातां आलें. पण खुलें असणें म्हणजे कोणी वाचलेलें असणें नव्हे, हेंही त्यावरून समजावें.

सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून 70 उगवले तर पेरावयाचे, ही परीक्षा आपण घरीं करतोंच. येथील परीक्षा त्याहून अवघड नाहीं. फाइल कर्त्याच्या मूळ स्थळावरूनच घ्यावी; व्हॉट्सॲपवर आलेली कधींही नको. पीएम किसानच्या नांवानें फिरणाऱ्या एपीके फाइलींनीं शेतकऱ्यांस फसविल्याचें आपण वाचतोंच. पुष्कळ कर्ते फाइलीची 64 अक्षरांची खूण प्रसिद्ध करतात. विंडोजमधील सर्टयूटिल ह्या आज्ञेनें आपल्या फाइलीची खूण काढून ती ताडून पाहावी. एक अक्षर जुळलें नाहीं तरी फाइल टाकून द्यावी. मात्र खूण व फाइल एकाच स्थळावर असतील, तर तें स्थळच फुटल्यावर दोन्ही खोटीं ठरतात; म्हणून शक्य तेथें खूण दुसऱ्या ठिकाणाहूनही मिळवावी. पहिली पेरणी बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर तर मुळींच करूं नये.

आम्हीं खूण जुळविली, जुन्या मोकळ्या संगणकावर ‘तरीही चालवा’ हें बटण दाबलें आणि छापील पट्ट्यांवरून दोन आठवडे हिशेब लिहून पाहिला. आंकडे जुळल्यावरच मुख्य संगणकास हात लावला. हा खटाटोप प्रत्येक सभासदानें एकट्यानें करावा, हें आम्हांस रास्त वाटत नाहीं. संघानें तपासलेल्या फाइली कचेरींत ठेवाव्या, व कोणी, कोणत्या तारखेस, कशी तपासली याची नोंद वहींत करावी. ज्यांस फाइल हवी त्यांनीं पेनड्राइव्ह घेऊन यावें. तो पेनड्राइव्हही आधीं तपासला जाईल, याचा राग मानूं नये.