शिंगाडा उपासाचा नव्हे, जेवणाचा



दिवाळीच्या मागेपुढे आपल्या कोंढा-पवनीकडच्या बाजारात शिंगाड्याच्या टोपल्या दिसू लागतात. काही हिरवे, काही तांबूस, दोन बाजूंना दोन शिंगे. आपल्या वस्तीतल्या पुष्कळ बाया त्या टोपलीसमोरून सरळ पुढे जातात. का, असे विचारले तर म्हणतात, "आपल्याकडे कुठे उपास असतात?" १९५६ नंतर आपल्या घरांतून उपासतापास गेले, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या पाठोपाठ शिंगाडाही स्वयंपाकघरातून गेला, हे नुकसानीचे झाले. उपासवाल्यांनी त्याला आपला म्हटला म्हणून तो त्यांचा होत नाही. तो आपल्या तलावातला आहे.

तो कसा येतो हे आपल्या पोरांनाही ठाऊक असावे. उन्हाळ्यात एखाद्या बोडीत रोप राखून ठेवतात आणि पावसाळ्यात ते तलावाच्या गाळात लावतात. पाने पाण्यावर पसरतात, पांढरे फूल पाण्याच्या वर उमलते. फळ धरले की देठ खाली वळतो आणि फळ पाण्यातच वाढते. तोडायचे म्हणजे थंडीच्या तोंडावर तासन्‌तास पाण्यात राहायचे, काटे टोचून घ्यायचे. हे काम आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या ढीवर समाज करतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ छापला, त्यात ढीमरांमध्ये शिंगाडा पिकवण्यावरूनच नाव पडलेली एक पोटजात नोंदली आहे. धंद्यावरून जात, जातीवरून पोटजात, ही रीत पाण्यातही सुटली नाही. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे आले, पण पाण्यात उतरणारा माणूस तोच राहिला. तेव्हा टोपलीपुढे बसलेल्या बाईशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे मला वाटते. तिचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा.

आता पोषणाचा हिशेब. कारकुनाला आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, तर माफ करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम ओल्या शिंगाड्याच्या गरात ७० ग्रॅम पाणी, २३ ग्रॅमच्या वर पिष्ट, ४.७ ग्रॅम प्रथिने आणि ११५ कॅलरी दिल्या आहेत. त्याच तक्त्यात बटाट्याची प्रथिने १.६ ग्रॅम आहेत. म्हणजे जिथे बटाटा घालता तिथे शिंगाडा घातला तर पोरांच्या ताटात प्रथिने तिपटीच्या जवळ जातात.

सुक्या शिंगाड्याची प्रथिने मात्र १३.४ ग्रॅम लिहिली आहेत. हा आकडा दाखवून काही दुकानदार पिठाला टॉनिकचे मोल लावतात. त्यात जादू काही नाही. ओल्या गरात पाणी ७० टक्के, सुक्यात १४ टक्क्यांहून थोडे कमी. पाणी उडाले, माल तोच राहिला. तीन किलोच्या आसपास ओला गर वाळवला तर एक किलो सुका होतो, आणि त्या तीन किलोतली प्रथिने एका किलोत येऊन बसतात. जमाखर्च बरोबर जुळतो. म्हणून हंगामात ओले घेऊन घरी वाळवणे फायद्याचे, आणि उपासाच्या दिवसांत चढ्या भावाने पीठ घेणे तोट्याचे.

शिंगाड्याने रक्त वाढते असे सांगतात, त्यावर विसंबू नका. लोह त्यात फार नाही. बाळंतिणीला आणि वयात येणाऱ्या मुलींना पालेभाजी, डाळ, अंडी, मटण-मासळी जे परवडेल ते हवेच, आणि दवाखान्यातली लोहाची गोळीही. मधुमेहवाल्यांनीही तो हलका समजून पोटभर खाऊ नये. पिष्ट ते पिष्टच.

आता ज्यासाठी मुद्दाम हा विषय घेतला ते सांगतो. आपली पोरे तलावाच्या काठावर शिंगाडा दातांनी सोलतात आणि कच्चाच खातात. गोड लागतो, कोण थांबणार? पण पाण्यातल्या वनस्पतींवरून पोटात जाणारा एक जंत आहे, पानासारखा चपटा, कधी बोटाएवढा लांब. माणसाच्या किंवा डुकराच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात, तिथे तो गोगलगायीच्या अंगात वाढतो, आणि मग शिंगाड्यासारख्या फळाच्या सालीवर बारीक गाठोडे करून चिकटून बसतो. डोळ्यांना दिसत नाही. दातांनी साल काढली की तो सरळ तोंडात. पोट दुखणे, हगवण, पोर वाळत जाणे, फार झाले तर तोंडावर सूज. हा आजार आसाम, बिहारकडे आढळतो, तसाच महाराष्ट्रातही आढळला आहे. पालघर तालुक्यातल्या पाहणीची माहिती १९७२ साली छापून आली होती. त्यावर प्राझिक्वांटेल नावाचे वेगळे औषध लागते. शाळेत जंताची गोळी दिली म्हणजे झाले, असे समजू नये. पोर सारखे पोट धरत असेल तर सरकारी दवाखान्यात शौच तपासून घ्या आणि कच्चा शिंगाडा खाल्ला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.

उपाय साधा आहे. शिंगाडा उकळायचा. उकळत्या पाण्यात जंत टिकत नाही. कच्चे फळ दातांना लावायचे नाही, चिरायला सुरी किंवा विळा घ्यायचा, आणि तो धुऊन मगच दुसरी भाजी चिरायची.

आणताना जड आणि टणक पाहून आणा. घरी बादलीत टाका. बुडतात ते भरलेले, तरंगतात ते पोकळ किंवा शिळे. गाळ निघेपर्यंत चोळून धुवा, शिंगांची टोके उडवा, मीठ घालून वीस मिनिटे उकळा. कुकर असेल तर दोन शिट्या पुरेत. नुसते उकडलेले शिंगाडे मुलांच्या डब्यात द्यायला कुरकुऱ्यांच्या पाकिटापेक्षा केव्हाही चांगले.

भाजी करायची तर उकडून सोललेले तुकडे करा. तेलात कांदा, ठेचलेला लसूण, तिखट, हळद, धन्याची पूड परतून, एखादे टमाटर चिरून घाला, मग शिंगाडा घाला आणि शेवटी भरपूर सांबार. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आधी शिजवून त्यात घातली तर भाजी वाढते आणि कसही वाढतो. आमच्या घरी अशीच होते.

नागपूर-पुण्याकडे हॉटेलात कामाला असलेल्या पोरांनी 'वॉटर चेस्टनट' लिहिलेला डबा पाहिला असेल. चायनीज पदार्थांत घालतात. तो आपला शिंगाडा नव्हे. तो लव्हाळ्याच्या जातीच्या एका वनस्पतीचा कंद आहे. तेव्हा शिंगाडा समजून महागाचा डबा घरी आणू नका.

वाळवणासाठी उकडून सोललेल्या गराचे तुकडे स्वच्छ कापडावर कडक उन्हात ठेवा, दाताने फुटणार नाहीत इतके वाळू द्या. डब्यात कडुनिंबाची वाळलेली पाने टाका आणि अधूनमधून ऊन दाखवा. पीठ मात्र लागेल तेवढेच दळून आणा. राहिले की त्याला कीड लागते, कुबट वास येतो, आणि असे पीठ सरळ टाकून द्यावे. या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या पिठाची भाकर थापताना फुटते. निम्मे ज्वारीचे पीठ घ्या, उकळत्या पाण्यात मळा, गरम असतानाच थापा. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि आजारातून उठलेल्यांना त्याची पातळ पेज द्यावी. दोन चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचे, नाहीतर गाठी होतात.