दहातले दोघे

कॉलेजात तासांचे वेळापत्रक बसवणाऱ्याला कोणी कधी दुवा देत नाही. म्हणूनच असेल, कॅनडातील विद्यापीठांच्या फुटबॉलमधला सामन्यांचा वाद वाचताना मला तिथल्या वेळापत्रकवाल्यांचाच कळवळा आला.

हा फुटबॉल आपला नव्हे बरे का! लांबट चेंडू काखोटीला मारून धावायचे आणि समोरच्या बारा जणांनी अंगावर कोसळायचे, असा तो दांडगाईचा खेळ. आठवड्यात एकाहून अधिक सामना हाडांना सोसवत नाही. ऑगस्टअखेर हंगाम सुरू होतो, नोव्हेंबर सरता सरता ‘व्हॅनिए चषका’चा अंतिम सामना, पुढे थंडी नि बर्फ. शिवाय ही विद्यार्थी मंडळी. त्यांना अभ्यासही असतो म्हणे! त्यामुळे साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला ८ सामने.

२०२४ च्या हंगामाचेच पाहा. ऑन्टॅरिओत संघ ११. म्हणजे प्रतिस्पर्धी १० आणि सामने ८. दोघांशी गाठच पडत नाही. ते दोघे बलाढ्य असले तर तुमचे नशीब, दुबळे असले तर हातचे विजय गेले! क्वेबेकात ५ संघ, प्रत्येकाशी दोनदा, हिशेब चोख. पण त्यात २०२४ पर्यंत १२ वेळा चषक जिंकलेले लाव्हाल आहे, आणि त्याचा मारही दोनदा खायचा.

२०१६ च्या सुमारास निवडक आठ संघांनी प्रांतांच्या सीमा ओलांडून आपसांत खेळावे, अशी योजना निघाली नि बारगळली. बरे झाले, उरलेल्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? ऑन्टॅरिओपुरता माझा तोडगा सोपा आहे. वगळायचे दोघे दरवर्षी पाळीने बदला. खेळाडूला पाच हंगाम मिळतात. तेवढ्यात दहाही प्रतिस्पर्धी एकेकदाच वगळले जातील.

बिशप्स विद्यापीठाने मात्र निराळीच वाट धरली. ते क्वेबेकातले, शेरब्रुक गावचे. त्याच गावात शेरब्रुक विद्यापीठाचा संघ आहे. पण २०१७ मध्ये बिशप्स अटलांटिककाठच्या साखळीत गेले. तिथली विद्यापीठे त्याच्यासारखीच लहान. शेजार सोडून पार नोव्हा स्कोशियापर्यंत खेळायला जायचे! आधी मला हसू आले. मग लाव्हालची आठवण झाली, आणि बरोबरीचा गडी गाठायला शेकडो मैलांच्या प्रवासाला निघालेली ती पोरे मला मुळीच वेडी वाटेनात.