बोर्ड गेला म्हणजे नेमका कुठे गेला?

‘मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल.’ हे वाक्य फेकायला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एसी लागतो, गळ्यात आयकार्ड लागतं. मीटर मात्र लागत नाही. वर तपासणी फी घेतात ती वेगळीच. नव्या बोर्डाचा आकडा ऐकून गिऱ्हाईक नवा लॅपटॉप घ्यायला निघतं. काउंटरला तेच हवं असतं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. या शहराला यंत्र कळतं. गाडी सुरू होत नसेल तर टपरीवरचा मेकॅनिकसुद्धा आधी प्लग काढून ठिणगी बघतो. न बघताच ‘इंजिन बदला’ म्हणाला, तर लोक त्याची कॉलर धरतील. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावतो आणि पावती घेतो.

पॉवर फॉल्ट शोधणं ही जादू नाही, क्रमाने मोजण्याचं काम आहे. अ‍ॅडॅप्टरच्या पिनेवर १९ व्होल्ट आहेत का? जॅकच्या पुढच्या मॉसफेटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, ते पलीकडे मेन लाइनवर पोचतात का? बटण दाबण्याआधीच ३.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइन उभ्या आहेत का? मग बटणाचा सिग्नल, मग रॅमचा सप्लाय, मग चिपसेट, शेवटी प्रोसेसर. जिथे व्होल्टेज अडतं तिथून शोध सुरू.

एका पॉलिटेक्निकच्या पोराचा ‘गेलेला’ बोर्ड माझ्या टेबलावर आला. मेन लाइन ग्राउंडला शॉर्ट होती. बेंच सप्लायवरून करंटला मर्यादा घालून एक व्होल्ट सोडला आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं. सगळीकडे ओल असताना एक जागा भराभर सुकली. तिथे दोन मिलिमीटरही लांब नसलेला सिरॅमिक कॅपॅसिटर तापत होता. तो काढला, शॉर्ट गेला. त्याच मापाचा नवा लावला, लॅपटॉप चालू. पार्टची किंमत चहाच्या कपाएवढीही नव्हती.

आमचे दुरुस्तीवाले भाऊबंदही धुतल्या तांदळाचे नाहीत. ‘चिप लेव्हल’ची पाटी लावायची आणि बोर्ड आला की थेट हीट गन मारायची, हा अनेकांचा खाक्या. चांगल्या बोर्डावरही प्रोसेसरच्या कॉइलला मीटर एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतं आणि बीप वाजते. हे माहीत नसलेला उस्ताद तिथेच ‘शॉर्ट’ जाहीर करतो आणि धडधाकट प्रोसेसरचा बळी देतो.

खरोखर मेलेले बोर्डही असतात. प्रोसेसरच्या सप्लायचा वरचा मॉसफेट फुटून १९ व्होल्ट थेट प्रोसेसरच्या एक-सव्वा व्होल्टच्या लाइनवर घुसले, तर सहसा देवही वाचवत नाही. पण मेला हे सांगायलासुद्धा नाडी बघावी लागते.

केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल थाटात सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. छान. पण बोर्डाचं सर्किट डायग्राम कंपन्या बाहेरच्या कारागिराला सहसा देत नाहीत. आम्ही ते टेलिग्रामवरून चोरट्यासारखे उतरवून घेतो. दुरुस्तीचा हक्क द्यायचा आणि नकाशा तिजोरीत ठेवायचा, याला धोरण म्हणत नाहीत. इथे विद्यापीठाच्या आवारात नाइलिट ही केंद्राची इलेक्ट्रॉनिक्स-आयटी संस्था आहे, शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून दरवर्षी पोरं पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्यातल्या कितीजणांनी मेलेल्या बोर्डावर मीटर टेकवलंय, हे एकदा मुलाखतीत विचारून बघा.

आणि ‘बोर्ड गेला’ असं कुणी सांगितलं, तर एकच विचारा: कुठल्या लाइनवर किती व्होल्ट मिळाले? जॉबशीटवर आकडा लिहून मागा. समोरचा गोंधळला, तर लॅपटॉप उचला आणि तपासणी फी परत मागा. तपासणी झालेलीच नाही.