पीकनोंद बांधावरून नव्हे, शेतातून

उपग्रहांच्या साहाय्याने आपली जागा ओळखणारा मोबाइल आज खेडोपाडी पोहोचला आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून छायाचित्रासह करण्याची सोय झाली. पूर्वी हे काम तलाठ्याकडे असे. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु साधन हाती आले म्हणजे विद्याही हाती आली, असे समजणे इष्ट नव्हे.

साधनाची मर्यादा प्रथम ध्यानी घ्यावी. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले म्हणजे मोबाइल आपले ठिकाण ठरवितो. त्यास इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. मोकळे आकाश मात्र हवे. आकाश मोकळे असतानाही साधारण ५ मीटरचा फरक राहतो. दाट झाडीखाली वा भिंतीलगत तो वाढतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जमीन, अर्थात सुमारे १० मीटर लांब-रुंद. वाटण्या होऊन पट्टे अरुंद झालेल्या शिवारात बांधावरून घेतलेली नोंद शेजारच्या गटात पडणे अशक्य नाही. अशी चूक राहिली, तर नुकसानभरपाई, पीककर्ज वा हमीभावाने विक्री यांच्या वेळी भुर्दंड शेतकऱ्यासच बसतो.

म्हणून या साधनाचे शिक्षण शिवारातच दिले पाहिजे. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यांत जातात. त्यांनी एक शेत मोबाइल घेऊन चहूबाजूंनी फिरून मोजावे, तेच शेत टेपने मोजावे आणि दोहोंतील तफावत वहीत लिहावी. यंत्र कोठे चुकते हे ज्याने एकदा पडताळून पाहिले, तो त्यावर आंधळा विश्वास ठेवीत नाही. शिवाय यंत्र जागा सांगते; पानाखाली मावा किती आणि बोंडात अळी आहे की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

एवढा खटाटोप कशाला, एखाद्या हुशार तरुणाने एका फेरीत साऱ्या गावाच्या नोंदी उरकाव्यात, असे काहींचे म्हणणे असते. ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही, त्यांना मदत अवश्य व्हावी. मात्र नोंद होताना शेताचा मालक वा कसणारी स्त्री तेथे हजर असावी आणि पाठविण्यापूर्वी नोंद त्यांना वाचून दाखवावी. घाईने उरकलेली नोंद कागदोपत्री पूर्ण दिसते, पण संकटाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनी बांध सोडून पिकाच्या मध्यभागी जावे, मोबाइलला जागा ओळखण्यास क्षणभर अवधी द्यावा, गट क्रमांक ताडून पाहावा आणि मगच छायाचित्र घ्यावे. या चार पावलांच्या श्रमात वर्षभराच्या हक्काचे रक्षण आहे.